टायर झिजला, पण गेला कुठे?

एक कोडं घालू?

स्कूटरचा नवा टायर हाताने चाचपून बघ. त्याच्यावर कशा छान खोल खाचा असतात! बोटाचं टोक आत जातं. आता पंक्चरच्या दुकानाबाहेर पडलेला जुना टायर बघ. खाचा गायब! सगळं कसं गुळगुळीत! दुकानातले काका म्हणतात, "याचा तर पार गोटा झालाय."

मग सांग पाहू, नव्या टायरवरचं ते रबर गेलं कुठे?

हवेत विरलं? नाही. उन्हाने वितळलं? नाही. उंदरांनी कुरतडलं? छे छे!

तुझं खोडरबर आठव. वर्षाच्या सुरुवातीला केवढं गलेलठ्ठ असतं, आणि परीक्षेपर्यंत चिमुकलं होतं. बाकीचं कुठे जातं? वहीवर! काळा काळा चुरा होऊन. आपण फुंकर मारतो आणि विसरून जातो. टायरचंही अगदी तसंच होतं. रस्ता ही त्याची वही. चाक फिरतं, घासतं आणि रबराचा चुरा मागे ठेवत जातं. निकामी होईपर्यंत टायर आपल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी असाच रस्त्यावर सोडतो. आता तुझ्या शहरातल्या सगळ्या रिक्षा, बस, ट्रक आणि स्कूटरी डोळ्यांपुढे आण. केवढा तो चुरा!

आणि गंमत म्हणजे तो आपल्याला दिसतच नाही. कारण त्याचे कण फार बारीक असतात आणि ते गर्दीत मिसळून जातात. कसली गर्दी? रस्त्यावरच्या धुळीची!

आपल्याला वाटतं, धूळ म्हणजे माती. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे जत्रा आहे जत्रा! माती आहेच. शिवाय टायरचं रबर आहे, आणि त्या रबरात मिसळलेलं जस्त. करकचून ब्रेक दाबला की ब्रेकही झिजतो, म्हणून त्यातलं लोखंड आणि तांबं आहे. धुराड्यातून आलेली काजळी आहे. गाडीखाली टपटप गळलेलं ऑइल आहे. झेब्रा क्रॉसिंगचा उडालेला रंग, बांधकामाचं सिमेंट, पत्र्याचा गंज, पानांचा भुगा, पक्ष्यांची शीट... सगळे हजर!

या जत्रेत काही फार जुने पाहुणेही असतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. शिसं म्हणजे एक जड, विषारी धातू. आपल्या देशात २००० सालापासून शिशाचं पेट्रोल विकणं बंद झालं. म्हणजे तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी! पण शिसं पानासारखं कुजत नाही आणि कागदासारखं विरतही नाही. त्यामुळे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजूनही सापडतं.

आता पुढचा प्रश्न. ही धूळ रस्त्यावर सगळीकडे सारखी पसरलेली असते का?

मुळीच नाही! १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी सार्टर आणि बॉयड नावाच्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी अनेक शहरांतल्या रस्त्यांवरची धूळ गोळा केली, चाळली, तोलली आणि तपासली. रस्ते झाडून त्यातलं विज्ञान शोधायचं! मला तर हे काम फार आवडतं. त्यांना काय दिसलं, ठाऊक आहे? रस्त्यावरच्या १०० किलो धुळीतली ७८ किलो धूळ फुटपाथच्या कडेला, अवघ्या ६ इंचांच्या पट्ट्यात होती! ६ इंच म्हणजे तुझ्या कंपासपेटीतली छोटी पट्टी. एवढा मोठा रुंद रस्ता, आणि धूळ मात्र पट्टीभर जागेत दाटीवाटीने बसलेली!

असं का? कारण गाड्या धावतात तेव्हा त्यांच्या वाऱ्याने धूळ बाजूला ढकलली जाते. ढकलत ढकलत ती कडेला येते आणि फुटपाथच्या दगडाला अडते. शिवाय रस्ता मधे किंचित उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो, कासवाच्या पाठीसारखा. म्हणून पावसाचं पाणीसुद्धा कडेलाच धावतं.

म्हणजे धूळ कडेला जमणार, पाणीही कडेलाच येणार आणि गटाराची जाळीही तिथेच! प्रवासाची तयारी बघ कशी जय्यत आहे!

पण थांब. प्रवासाला निघण्याआधी या मंडळींची ओळख नीट करून घेऊ. त्या दोघा अभ्यासकांनी धूळ चाळण्यांतून चाळून मोठे कण वेगळे केले आणि बारीक वेगळे केले. सगळ्यात बारीक कण होते ४३ मायक्रॉनपेक्षाही लहान. एक मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे कण केसाहूनही बारीक!

हे पिटुकले कण वजनाने किती होते? १०० किलो धुळीत जेमतेम ६ किलो. मग त्यांच्याकडे कशाला बघायचं, असं वाटलं ना? आता ऐक. धुळीतल्या शिसं, जस्त, तांबं अशा जड धातूंपैकी निम्म्याहून जास्त धातू या ६ किलोंत होते! उरलेल्या ९४ किलोंत निम्म्याहून कमी!

असं कसं झालं?

त्यासाठी स्वयंपाकघरात चल. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशी बटाट्याची चौकोनी फोड घे. तिला मसाला कुठे लागेल? फक्त बाहेरून, सहा बाजूंना. म्हणजे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर. आता त्याच फोडीचे मिलिमीटरभर मापाचे इवले तुकडे कर. किती होतील? एक हजार! बटाटा तेवढाच, पण मसाला लागायला जागा किती? ६० चौरस सेंटिमीटर. दहापट! आणि त्याचे १० मायक्रॉनचे कण करता आले तर? जागा होईल ६,००० चौरस सेंटिमीटर. हजारपट!

धातू आणि तेल हे धुळीचे मसाले. ते कणांच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात. कण जितके बारीक, तितकं त्यांचं एकूण अंग मोठं, आणि तितका त्यांच्यावरचा मसाला जास्त.

मग रोज रस्ता झाडला की झालं! हो ना? त्या अभ्यासकांनी हेही तपासून पाहिलं होतं. तेव्हाच्या रस्ते झाडणाऱ्या यंत्रांनी मोठ्या, जाड कणांपैकी १०० तले ७९ भाग उचलले. छान! आणि त्या बारीक, विषाने लडबडलेल्या कणांपैकी? १०० तले १५! रस्ता दिसायला लखलखीत, पण खरी लबाड मंडळी खडीच्या फटींत लपून बसलेली.

आता आला पाऊस!

पावसाचा मोठा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. गल्लीतून स्कूटर जाते ना, तितक्या वेगाने! धुळीच्या कणाला तो केवढा वाटत असेल, विचार कर. थप्प! थेंब आपटतो, फुटतो आणि फटीत दडलेला कण उसळून बाहेर येतो. असे लाखो थेंब, आणि लाखो थपडा!

मग पाण्याचा पातळ पडदा रस्त्यावरून वाहू लागतो. तू म्हणशील, पातळ पडद्यात असं कितीसं पाणी असणार? चल, हिशोब करू. १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद रस्ता घे. त्याच्यावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे साचून राहिला असता तर तुझ्या करंगळीच्या नखाएवढी उंची. पाणी किती झालं? १०,००० लिटर! सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तो अख्खा एक टँकर. शेतात हेच पाणी बरंचसं जमिनीत मुरलं असतं. डांबरात आणि काँक्रीटमध्ये मुरायला जागाच नाही. म्हणून जवळजवळ सगळंच पळत सुटतं.

आणि या पळापळीत प्रत्येक कणाची चाल वेगळी! जाडसर वाळू तळाशी गडगडत, लोळत जाते. मधले कण लंगडी घालतात, अगदी खरंच! टुणकन उडतात, थोडं वाहतात, खाली टेकतात आणि पुन्हा उडतात. आणि आपले ते पिटुकले? ते जमिनीला पायच लावत नाहीत. पाण्याच्या खांद्यावर बसून थेट निघतात! थोडं जस्त तर कणाला सोडून पाण्यात विरघळूनच जातं, मिठासारखं. आता त्याला कुठली चाळणी पकडणार?

तुझ्या घरी दर जूनमध्ये ऐकू येत असेल, "पहिला पाऊस आहे, गाडी जपून चालव." पाऊस तर जुलैत जास्त पडतो. मग जपायचं जूनमध्ये का? कारण उन्हाळाभर रस्त्यावर ऑइल, रबर आणि धूळ साठत असते. पहिल्या सरीने ती नुसती भिजते, आणि तिचा निसरडा राडा होतो. मग धो-धो पाऊस येऊन तो राडा धुऊन नेतो, आणि रस्त्याची पकड बरीच सुधारते. पण राडा धुऊन नेला म्हणजे कुठे नेला? गटारात! म्हणून पावसाच्या सुरुवातीचं पाणी बहुतेक वेळा सगळ्यात घाण असतं. छपरावरचं पाणी टाकीत साठवणारे लोकसुद्धा पहिल्या सरींचं पाणी सोडून देतात. ते याच कारणाने.

मोठ्या नाल्यात मात्र हे इतकं स्पष्ट दिसत नाही. शाळेत प्रार्थनेची घंटा झाली की जवळच्या वर्गातली मुलं लगेच पोचतात आणि तिसऱ्या मजल्यावरची मागाहून येतात. तसंच इथे होतं. जवळच्या गल्लीचं घाण पाणी आधी पोचतं. लांबच्या गल्लीचं घाण पाणी येईपर्यंत जवळच्या गल्लीतून स्वच्छ पाणी यायला लागलेलं असतं. सगळं एकमेकांत मिसळून जातं.

बरं, पुढे पाणी कुठेतरी संथ झालं की धूळ तळाशी बसेलच ना? बसेल. पण केव्हा? समज, एक मीटर खोल, अगदी शांत पाणी आहे. त्यात तीन कण एकदम सोडले. एक मिलिमीटरचा वाळूचा कण साधारण १० सेकंदांत तळाला! १० मायक्रॉनच्या कणाला लागतील सुमारे ३ तास. आणि १ मायक्रॉनच्या कणाला? तो आज निघाला तर जवळजवळ १३ दिवसांनी तळाशी पोचेल! एक मीटर जायला तेरा दिवस! आणि तेही पाणी जरासुद्धा हललं नाही तर. नाल्याचं पाणी कुठलं गप्प बसायला? म्हणून बारीक कण लांब लांब जातात.

किती लांब? बघच आता. मुंबईत घरातल्या सांडपाण्याचे पाइप वेगळे आणि पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आहेत. पावसाची गटारं नाल्यांना, नद्यांना किंवा सरळ समुद्राला मिळतात. वाटेत पाणी शुद्ध करणारं केंद्र नाही. मिठी नदीच घे. विहार आणि पवई तलावांपासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. तिथे गोड्या पाण्याला खारं पाणी भेटतं आणि एक जादू होते! इतका वेळ एकमेकांपासून लांब लांब राहणारे बारीक कण मिठामुळे एकमेकांना चिकटू लागतात. चिकटून गोळे होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून खाड्यांच्या काळ्या चिखलात शहराचे धातू साठून राहतात.

आणि पुण्याची धूळ? पुण्यापासून अरबी समुद्र किती जवळ! पण पुण्याच्या रस्त्यावरचं पाणी तिकडे जातच नाही. ते मुळा-मुठेत जातं, तिथून भीमेत, मग उजनी धरणात. त्याच्याही पुढे भीमा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला! लक्ष्मी रोडवरच्या पाण्याची वाट देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते! जड गाळ धरणाच्या संथ पाण्यात खाली बसतो, पण वाट मात्र तीच.

आता तुला एक खरीखुरी रहस्यकथा सांगते. ही घडली अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटल शहराजवळ.

तिथे कोहो नावाचे सामन मासे आहेत. ते लहानपणी ओढ्यात वाढतात, मग पॅसिफिक महासागरात जातात. मोठे झाले की अंडी घालायला पुन्हा ओढ्यात परत येतात. पण शहरातल्या ओढ्यांत एक भयंकर गोष्ट घडू लागली. मोठा पाऊस झाला की मासे पाण्याच्या वर येऊन तोंड वासायचे, गोल गोल फिरायचे आणि काही तासांतच मरून पडायचे. माद्यांची अंडी पोटातच राहायची. काही ओढ्यांत परत आलेल्या दर १० माशांपैकी ४ ते ९ मासे असे मरत होते. किती वाईट ना!

विष कुठलं? शास्त्रज्ञ कामाला लागले. रस्त्यावरच्या पाण्यात असतात तेवढे धातू आणि तेलातले पदार्थ त्यांनी स्वच्छ पाण्यात मिसळले आणि त्यात मासे सोडले. मासे मजेत! म्हणजे गुन्हेगार भलताच कुणीतरी होता.

मग त्यांनी टायरच्या रबराचा चुरा पाण्यात भिजवला. मासे मेले! पण कोडं अजून सुटलं नव्हतं. त्या पाण्यात २,००० हून जास्त वेगवेगळी रसायनं होती. ते पाणी गाळून, वेगळं करून, पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी यादी लहान लहान करत आणली. शेवटी उरलं एकच रसायन. आणि ते टायर बनवणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत नव्हतं!

ओळख पाहू, मग ते आलं कुठून?

हवेत ओझोन नावाचा वायू असतो. त्याने रबर तडकतं. तसं होऊ नये म्हणून जगभरातल्या टायरांत '६पीपीडी' नावाचं रसायन घालतात. ते म्हणजे रबराचा रखवालदार. रबराआधी तेच ओझोनला जाऊन भिडतं. टायर वाचतो, पण या झटापटीत रखवालदाराचंच रूप बदलतं. त्याचं होतं '६पीपीडी-क्विनोन'. हाच तो गुन्हेगार! कुठल्याही कारखान्यात मुद्दाम न बनवलेला, रस्त्यावरच जन्मलेला! हा शोध डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आणि किती विष पुरतं, ऐक. ऑलिम्पिकच्या पोहण्याच्या तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी असतं. एवढ्या पाण्यात तांदळाच्या दहा-बारा दाण्यांइतक्या वजनाचं हे विष मिसळलं, तर कोहोची निम्मी पिल्लं एका दिवसात मरतील! आणखी नवल म्हणजे त्याच ओढ्यांत येणाऱ्या 'चम' नावाच्या सामन माशांना या विषाने काहीच होत नाही. भाऊबंदच, पण एकाला विष बाधतं आणि दुसऱ्याला नाही!

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. गुन्हेगाराचं नाव कळायच्या आधीच तिथल्या शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग करून पाहिला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. महामार्गावरून वाहून आलेलं काळं पाणी घेतलं. अर्धं तसंच माशांच्या टाकीत सोडलं. अर्धं आधी वाळू, कंपोस्ट खत आणि झाडाच्या सालीच्या थरांतून झिरपू दिलं, आणि मग माशांना दिलं. पहिल्या टाकीतले सगळे मासे मेले. दुसऱ्या टाकीतले सगळे जगले!

सगळे! ना वीज, ना मोठं यंत्र. नुसता मातीसारखा थर! बारीक कण त्याच्या फटींत अडकतात. विरघळलेले धातू आणि तेल खताच्या काळ्या कणांना चिकटून बसतात. तेलाचा काही भाग तर मातीतले सूक्ष्मजीव खाऊनच टाकतात.

म्हणून काही शहरांत रस्त्याकडेला खास बागा करतात. या बागा रस्त्यापेक्षा खोलगट असतात, म्हणजे पाणी आपोआप आत उतरतं, मुरतं आणि मग पुढे जातं. आपल्याकडे दुभाजकावरची बाग बहुतेक वेळा रस्त्यापेक्षा उंच असते! पाणी तिच्यात शिरणार कसं? उलट तिचीच माती रस्त्यावर वाहून येते. आणि फुटपाथवरच्या कितीतरी झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट थापलेलं असतं. ते बघून मला फार हळहळ वाटते. झाडाची तहान आणि पाण्याची गाळणी, दोन्ही एकदम बंद!

आता तुलाही एखादा प्रयोग करून बघावासा वाटत असेल ना? पण रस्त्यावरचं पाणी तू तपासू नकोस हं. पावसात गटाराच्या जाळीजवळ किंवा उघड्या चेंबरजवळ अजिबात जायचं नाही. बारीक धूळ उडून गच्चीवर आणि पत्र्यावरही बसतेच. तेव्हा घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन हे कर. जोराची सर सुरू झाली की गच्चीच्या पाइपातून येणाऱ्या पहिल्या पाण्याचा एक ग्लास भर. अर्ध्या तासाने त्याच पाइपाखाली दुसरा ग्लास भर. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटव आणि ते कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेव. हे पाणी प्यायचं मात्र नाही! एका तासाने बघ, दुसऱ्या दिवशी बघ, चौथ्या दिवशी बघ. तळाशी गाळ कुठल्या ग्लासात जास्त बसला, ते पट्टीने मोज. आणि वरचं पाणी कितव्या दिवशी नितळ झालं, ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला नक्की कळव!